मे महिन्यातला बो टाय

मे महिन्यात, भर दुपारी, सांगलीच्या बसथांब्यावर एक आजोबा लोकरी थ्री-पीस सूट, बो टाय आणि फेल्ट हॅट घालून उभे होते. शेजारी मी नुसत्या शर्टात निथळत होतो. न राहवून विचारलं, “आजोबा, उकडत नाही का?”

“उकडतं की! पण आज दवाखान्यात आमच्या हिच्या डोळ्यांवरची पट्टी निघणार आहे. पहिला मीच दिसणार.”

माणूस आरशासाठी नटतो, असं मला वाटायचं. खरं तर एकच नजर पुरते, आणि तिच्यासाठी अख्खा उन्हाळा अंगावर घेता येतो.

“आजी खूश होतील,” मी म्हणालो.

“छे हो!” बो टाय सारखा करत ते म्हणाले, “म्हणेल, हा कोट अजून बोहारणीला दिला नाहीत होय?”