एक रूफस की दोन?

"रूफसच्या नोंदीत तुम्ही दोन माणसं कोंबली आहेत," डॉ. जोन विटकर फोनवर म्हणाल्या. आवाज गोड होता. बुधवार होता. शुक्रवारच्या पोस्टाने माझं काम लंडनला जायला हवं होतं.

मी इंडेक्सर आहे. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कुठलं नाव कोणत्या पानावर ते सांगणारी? ती कुणीतरी बनवतं. छपाईआधी पुस्तकाची पानं माझ्याकडे येतात. मी प्रत्येक नावाचं कार्ड करते, त्यावर पान नंबर लिहिते आणि कार्डं आल्फाबेटप्रमाणे लावते. ऐंशीच्या दशकात हे सगळं बुटांच्या खोक्यात चालायचं.

माझं शिक्षण चाळीसगावच्या मराठी शाळेत झालं. घरातली पहिली बी.ए. मीच. लग्न होऊन नॉटिंगहॅमला आले, कारण सुधीर इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. पोस्टाने इंडेक्सिंगचा कोर्स केला, आणि लंडनच्या एका प्रकाशनातल्या जिलियन नावाच्या एडिटरने मला पहिलं काम दिलं. मला लॅटिन येत नाही, हे मी आधीच सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, "लॅटिन लेखकांना येतं. वाचक कुठे शोधेल, एवढं तुला कळलं की झालं." त्या एका वाक्याबद्दल मी तिची अजून आभारी आहे. मात्र वेळ चुकली तर पुढचं काम मिळणार नाही, हेही तिने हसत हसत सांगून ठेवलं होतं.

पुस्तक रोमन साहित्यावर होतं. लिहिणारे नवरा-बायको, दोघंही प्राध्यापक. कवितेची प्रकरणं जोनबाईंची, कोर्टातल्या भाषणांची त्यांचे यजमान हॅरल्ड यांची.

रोमन लोकांशी माझं एकच भांडण आहे. नावं ठेवताना त्यांनी फार काटकसर केली. पुरुषांची पहिली नावं मोजकीच, तीच पिढ्यान्‌पिढ्या फिरवायची. त्यापुढे घराण्याचं नाव आणि मग एखादं टोपणनाव. रूफस म्हणजे तांबड्या केसांचा. असे तांबडे घरोघरी. आमच्या गल्लीतही तीन पांडुरंग होते, पण एक पोस्टातला, एक सायकलवाला आणि एक उंच, त्यामुळे कधी घोटाळा झाला नाही. रोमन कवी मात्र नुसतं 'रूफस' लिहून मोकळे होतात.

जोनबाईंच्या प्रकरणात एक रूफस कवीचा मित्र होता, पुढे दगाबाज निघालेला. हॅरल्ड यांच्या प्रकरणात एक तरुण वकील रूफस होता. काळ एकच, शहर एकच. मी दोघांना एकाच नोंदीत घालून सूची तपासायला लेखकांकडे पाठवली होती. बाईंच्या सांगण्यावरून आता दोन कार्डं केली आणि सूचीची नवी पानं त्यांच्या घरच्या पत्त्यावर पोस्टात टाकली.

गुरुवारी दुपारी हॅरल्ड यांचा फोन आला. "मिसेस कुलकर्णी, माझ्या माणसाचे तुम्ही दोन तुकडे केलेत."

तेव्हा कुठे मला कळलं. तो रूफस एकच की दोन, यावर या जोडप्याचं लग्नाआधीपासून पटत नव्हतं. पुस्तकात तो विषय काढायचाच नाही, असं त्यांनी ठरवून घेतलं होतं, आणि दोघांनी शब्द पाळला होता. प्रकरणात असं गप्प बसता येतं. सूचीत येत नाही. नोंद एक तरी असते, नाहीतर दोन.

तेवढ्यात फोनमध्ये खट्‌ आवाज झाला. जोनबाईंनी वरच्या मजल्यावरचा फोन उचलला होता.

"हॅरल्ड, तिला छळू नकोस."

"मी छळत नाहीये. मी दुरुस्ती सांगतोय."

"तू तीस वर्षं दुरुस्तीच सांगतोयस."

मी म्हटलं, "सर, माझे मिस्टर डॉक्टर आहेत. त्यांच्या वॉर्डमध्ये एकाच नावाचे दोन पेशंट आले की दोन फायली ठेवतात. पुढे माणूस एकच निघाला, तर फायली जोडायला काही लागत नाही. पण दोघांचे कागद एकदा मिसळले, की वेगळे काढता येत नाहीत."

हॅरल्ड म्हणाले, "म्हणजे ती जिंकली."

"नाही सर. दोन्ही नोंदींखाली मी 'हेही पाहा' असं लिहीन. तुमचा वाचक एकीवरून दुसरीवर जाईल."

"पुढे एक प्रश्नचिन्ह टाकाल?"

"प्रश्नचिन्ह नको," वरच्या मजल्यावरून आवाज आला. "तुझं प्रश्नचिन्ह म्हणजे मतच असतं."

हॅरल्ड हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं. मग त्यांनी विचारलं, दोघांत आधी कोणता येणार? मी सांगितलं, कंसात इंग्रजीत एकापुढे 'फ्रेंड' आहे, दुसऱ्यापुढे 'ऑरेटर', म्हणजे वक्ता. एफ आधी येतो. आल्फाबेटवर दोघांचाही आक्षेप नव्हता. जोनबाईंनी फोन ठेवताना मला चहाला बोलावलं. हॅरल्ड म्हणाले, या, पण दोघांपैकी कुणाच्याही बाजूने बोलू नका.

शुक्रवारी दुपारी पाकीट पोस्टात पडलं. सोमवारी जिलियनचा फोन आला. सूची पसंत होती. तिने विचारलं, लेखकांनी काही त्रास दिला का? मी म्हटलं, नाही, दोघंही फार चांगले आहेत. मग ती म्हणाली, पुढचं पुस्तक रोमन इतिहासाचं आहे, घेशील? मी लगेच हो म्हटलं. इतका आनंद झाला, की लेखक किती आहेत हे विचारायचंच राहिलं.

ते चौघं निघाले. तेव्हापासून काम घेताना मी पैशांच्याही आधी दोन गोष्टी विचारते. लेखक किती आहेत? आणि ते एका घरात राहतात का? एका घरात राहत असतील तर बरं. एकाच फोनवर काम होतं.