लाइनमन दादा आणि मी पाजलेला काढा

सात महिने मी माझ्या भावाच्या आजारालाच खाऊपिऊ घातलं.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. म्हणून हे बोलून टाकते.

दादा कारंजाकडे लाइनमन होता. खांबावर सरसर चढायचा.
एका उन्हाळ्यात पाय बधिर व्हायला लागले. आम्ही म्हटलं, बूट घट्ट असतील. मग एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं.

नागपूरला एमआरआय केला. मल्टिपल स्क्लेरोसिस.

मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. तरी सगळ्यात आधी काय केलं? गुळवेल आणली. इम्युनिटी वाढायला पाहिजे ना! रोज सकाळी पेलाभर काढा, कडूजहर. बिचारा नाक दाबून प्यायचा.

सात महिन्यांनी डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला.
"मॅडम, यांची इम्युनिटीच यांच्यावर उलटली आहे. तिला आणखी ताकद कशाला देता?"

हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पेशी एकमेकींना प्रथिनांतून निरोप धाडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. 'शत्रू आला' असा निरोप गेला की सूज येते, लढाई सुरू होते.
दादाच्या अंगात शत्रू नव्हताच. निरोप मात्र थांबत नव्हते, आणि मार बसत होता नसांवरच्या आवरणाला.

काढ्याने किती बिघडलं, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. मला तो पेला अजून दिसतो.

दादाला समजावून सांगितलं, तर म्हणाला, "म्हंजे तार चांगली हाय, वरचं रबर गेलं. मंग लाइन बंद करून दुरुस्त करा ना. चालू लाइनीवर कोणी काम करते का?"

"अंगाची लाइन बंद नाई करता येत, दादा."

"मंग कठीण हाय."

औषधांनी इम्युनिटी दाबली. आजाराचे अटॅक कमी झाले, आम्ही जरा हुश्श केलं.
मग साध्या खोकल्याचा न्यूमोनिया झाला. त्याच्याशी लढायला अंगात काही उरलं नव्हतं. इम्युनिटी जास्त झाली तरी मरण, कमी केली तरी मरण. राग येतो, पण कुणावर काढू?

शेवटच्या दुपारी, वर्ध्याच्या दवाखान्यात, मास्क बाजूला करून म्हणाला, "आता काय करू, सांग. तुले तर सारं समजते."

मी मास्क परत नीट लावला.

"झोप थोडा वेळ," म्हटलं.

काढा सोडला तर जन्मभर त्याने माझं एक ऐकलं नव्हतं.
तेवढं ऐकलं.

जय भीम, दादा.