सतरा जोड्या आणि सर

गुरुदत्त टिपणीस सरांनी पनवेलच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि त्या एकतीस वर्षांत ते आठवीच्या फळ्यावर दरवर्षी एकच चित्र काढत आले. वर गुहेचं छत, खाली जमीन. छतातून लोंबणारा एक लवणस्तंभ, जमिनीतून वर येणारा दुसरा, आणि दोघांच्या टोकांमध्ये बोटभर मोकळी जागा. खडू आडवा धरून ते अशी छटा देत, की फळा ओला झाल्यासारखा वाटे. मग दोन तर्जन्या समोरासमोर धरून सर म्हणत, "हे दोघं एकमेकांना भेटायला निघालेत. शंभर वर्षांत नखाएवढं अंतर. घाई नाही."

"सरांचं लग्नपण असंच जुळतंय," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणे. बाक तोच, विनोद तोच, दरवर्षी फक्त मुलगा बदलायचा. सर खडूचा तुकडा नेम धरून मारत आणि मुद्दाम चुकवत. विनोद खराही होता. सरांचं लग्न काही जुळलं नाही. एका स्थळाच्या घरी त्यांनी मुलीला "कोकणात चुनखडीच्या गुहा का नाहीत?" असा प्रश्न विचारला आणि मुलगी पोह्यांची बशी उचलून आत गेली, असं गावात बोललं जायचं. सर ही गोष्ट नाकारत नसत. "तिला उत्तर आलं असतं," ते म्हणत, "तर गोष्ट वेगळी होती."

निवृत्तीच्या वर्षी गव्हाणच्या काशीरामनं वर्गात हात वर केला. "सर, तुमी सोता बघितलंय काय ते?"

"नाही," सर म्हणाले.

"म्हंजे हाय का नाय, ते तुमाला पण म्हाईत नाय!"

वर्ग हसला. सरही हसले. पण त्या दिवशी टपाल नाक्याजवळच्या आपल्या खोलीवर जाताना ते जिन्यात माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "पोरगं खोटं नाही बोललं हो." मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. सर थांबले की निदान पंधरा मिनिटं जातात, हे मला माहीत होतं. त्या दिवशी मात्र ते तेवढंच बोलून वर गेले.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात प्रदीपची सहल निघाली. प्रदीप हा सरांचाच विद्यार्थी, भूगोलात दोनदा नापास झालेला, म्हणूनच बहुधा लोकांना देश दाखवण्याच्या धंद्यात पडलेला. हैदराबाद, विशाखापट्टण, अराकू आणि वाटेत बोराच्या चुनखडीच्या गुहा. बोरा हे नाव ऐकताच सर नाव नोंदवायला सर्वांत आधी हजर झाले.

प्रदीपची माणसं मोजायची एक खास पद्धत होती. डोकी मोजायला गेलं की डोकी हलतात, असा त्याचा अनुभव. म्हणून तो जोड्या मोजायचा. नवराबायको एकमेकांकडे कितीही दुर्लक्ष करोत, जोडीदार हरवला तर भांडायला कोणी उरत नाही म्हणून तरी शोधतातच. "जोडी एक!" "हजर!" "जोडी दोन!" "हजर!" असं सतरापर्यंत. आम्ही नवरा-बायको नऊ नंबरची जोडी. सतरा झाले की प्रदीप म्हणायचा, "आणि सर!"

सरांनी एकतीस वर्षं हजेरी घेतली होती, दिली कधीच नव्हती. त्यांचा "हजर" इतका हळू यायचा, की प्रदीपला दोनदा विचारावं लागे. दुसऱ्या दिवसापासून दमयंतीकाकूंनी हे काम आपल्याकडे घेतलं. काकू म्हणजे जोडी नंबर तीन. त्यांच्या आवाजाला भिंती अडवत नसत. प्रदीप "आणि सर!" म्हणाला की काकू ठणकावून "हजर!" म्हणत. सर मागून मान हलवत. सगळ्यांची सोय झाली.

एकट्या माणसाची व्यवस्था कुठल्याच सहलीत नीट नसते. सरांची खोली आचाऱ्याबरोबर. बसमध्ये सरांची जागा अगदी मागे, दोन मोठी पातेली आणि कांद्याचं पोतं यांच्या शेजारी. तिथून ते डोंगर आला की उभे राहून खडकांची माहिती सांगत. पुढे पोचेपर्यंत तिचं नुसतं गुणगुणणं व्हायचं, आणि त्यावर झोप फार सुरेख लागायची.

बोरा गुहेत उतरताना मात्र सर सर्वांच्या पुढे होते. पायऱ्या संपल्या आणि छत एकदम उंच गेलं. वरच्या एका भोकातून उजेडाचा खांब उभा होता. टॉर्च घेतलेला वाटाड्या हिंदीत सांगत होता, "ये शिव-पार्वती. ये मगरमच्छ. ये माँ और बच्चा."

"अगं बाई, हा तर सुरण!" काकू म्हणाल्या.

"काकू, तो सुरण नाही. पाण्यात विरघळलेला चुना हजारो वर्षं थेंबाथेंबानं..."

"असेना का. दिसतो सुरणासारखा. आणि ते बघा, गणपतीचं मखर!"

पनवेलच्या बाजारात मिळणारी प्रत्येक वस्तू आम्हाला त्या गुहेत सापडली. सर जरा वेळ प्रत्येक चूक दुरुस्त करत राहिले, मग त्यांनी नाद सोडला. एका कोपऱ्यात दोन स्तंभ समोरासमोर होते. मध्ये बोटभर जागा. वरच्याच्या टोकाला एक थेंब लोंबत होता.

"थांबा," सर म्हणाले. "जरा थांबा सगळे. हा आता पडेल. एकच मिनिट."

"सर, जेवण अनंतगिरीला आहे," प्रदीप म्हणाला. "थेंब पुढेही आहेत."

आम्ही पुढे गेलो. मीही गेलो. सर मागून येतील, असं सतराही जोड्यांना वाटलं.

पुढचं मला सरांनी पनवेलला परतल्यावर सांगितलं. थेंब काही लवकर पडेना. टॉर्च लांब गेले, चपलांचे आवाज पायऱ्या चढून वर गेले, आणि मग वरून प्रदीपचा आवाज आला. गुहेत आवाज फार छान पोचतो, सर म्हणाले. जोडी एक, जोडी दोन, सगळं स्पष्ट. सतरा झाले. "आणि सर!"

"मी तोंड उघडलं होतं हो. तेवढ्यात वरून माझं उत्तर आलं. हजर. मग मी परत काय बोलणार?"

बस सुरू झाल्याचाही आवाज त्यांनी ऐकला. ओरडले असते तर वाटाडा धावत गेला असता. ते ओरडले नाहीत. थेंब पडला, तो त्यांनी एकट्यानं बघितला. शेजारी सांगायला कोणी नव्हतं, म्हणून "पडला" असं स्वतःलाच सांगितलं. मग एका खडकावर बसले आणि ठरवलं, की कोणीतरी बोलवायला येईपर्यंत उठायचं नाही. बघू या, किती वेळ लागतो.

वाटाड्यानं दोनदा येऊन वर चला म्हणून खुणावलं. "हमारा लोग आएगा," सर म्हणाले. आम्हाला वर चढताना भेटलेली बंगाली मंडळी आली आणि गेली. एक तेलुगू कुटुंब आलं. त्यांनी सरांना फोटोतून जरा बाजूला व्हायला सांगितलं. सर झाले. छतातल्या उजेडाचा खांब जमिनीवरून हळूहळू सरकत भिंतीवर चढला.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"अंधाराची नाही. कोणीच येणार नाही याची वाटायला लागली होती. आणि मग मी एवढा वेळ का बसलो, हे त्या वाटाड्याला हिंदीत कसं सांगायचं?" सर हसले. "पण आलात की तुम्ही."

मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो. कारण आम्ही कसे आलो, ते मला माहीत होतं.

अनंतगिरीला आम्ही जेवलो. आचाऱ्यानं सरांचं ताट वाढलं, ते कोणाच्या लक्षात न येता त्यानंच खाल्लं असावं. बस पुन्हा निघाली. मागून गुणगुण येत नव्हती, पण श्रीखंड-पुरीवर झोप आपोआपच लागते. अर्ध्या तासानं काकू किंचाळल्या. थर्मास! लाल, फुलाफुलांचा, मुलानं मस्कतहून पाठवलेला. आठ दिवस काकूंनी तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता, फोटोतसुद्धा नाही. पुढच्या सहा जोड्यांना त्यातून घोट घोट चहा मिळायचा. मागच्या सीटपर्यंत तो कधी पोचला नव्हता. गुहेच्या तोंडाशी हजेरी देताना काकूंनी तो कठड्यावर ठेवला होता.

"मी गाडीतून उतरते आणि चालत जाते," काकू म्हणाल्या. काकूंना ओळखणाऱ्या प्रदीपनं बस वळवायला सांगितली.

थर्मास कठड्यावरच होता. प्रदीप तो घ्यायला उतरला, तर वाटाडा पुढे आला. "आपका एक आदमी नीचे है."

"हमारे सब हैं," प्रदीप म्हणाला. "सत्रह जोडी." आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा पडला.

आम्ही सगळेच खाली उतरलो. गुडघे दुखणारे, चपला हातात घेतलेले, सगळे. प्रदीप पुढे धावत "सर! सर!" असं ओरडत होता, आणि गुहा ते दहा वेळा परत म्हणत होती. सर खडकावरून उठले. धोतराची माती झटकली. आमच्याकडे टॉर्चच्या उजेडात त्यांनी एकेक करून बघितलं.

"माझ्यासाठी गाडी वळवलीत?"

 प्रदीपनं तोंड उघडलं, आणि तो खरं बोलून जाईल अशी मला धास्ती वाटली.

"मग काय तर!" काकू म्हणाल्या. "तुम्हाला सोडून जाणार होय आम्ही? अनंतगिरीच्या पुढून वळवली."

"अनंतगिरीच्या पुढून," सर म्हणाले. त्यांनी ते पुन्हा एकदा, जरा हळू, म्हटलं.

वर आलो. कठड्यावर थर्मास लख्ख लाल दिसत होता. चौतीस माणसांनी त्याच्याकडे बघितलं आणि चौतीस माणसांनी मान वळवली.

"हा कोणाचा तरी राहिलेला दिसतोय," सर म्हणाले. "आपल्यातला आहे का हो कोणाचा?"

"छे," काकू म्हणाल्या. "असेल त्या बंगाल्यांचा. चला, उशीर झालाय." आणि मागे न बघता बसमध्ये चढल्या.

काकूंनी सरांना आपल्या शेजारी पुढे बसवलं. त्यांचे यजमान न सांगता मागे कांद्याच्या पोत्याकडे गेले. "हं, आता सांगा," काकू म्हणाल्या, "तो सुरण नाही, तर काय आहे?" सरांनी सांगायला सुरुवात केली. बाहेर गारठा वाढत होता, घाट संपत नव्हता, आणि अराकूपर्यंत बसमध्ये कोणीही चहाचं नाव काढलं नाही.