वर्लनचे लाल गळ

वर्लन गॅडिसला लाल रंग दिसत नसे, आणि बास मासा धरायचा तर गळ लालच हवा, यावरून तो अख्ख्या काउंटीशी भांडत असे. पहिली गोष्ट, त्याच्या समजुतीने, फक्त दोघांना ठाऊक होती, एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको जोनेल. दुसरी गोष्ट ठाऊक नसलेला माणूस टिल्मन तलावाच्या काठी शोधूनही सापडला नसता.

पिवळा, निळा हे रंग त्याला तुमच्याआमच्यासारखेच दिसत. लाल तेवढा त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचेतो मळकट, काळपट होऊन जाई. मग तो लाल, गर्द हिरवा आणि तपकिरी ही सगळी एकाच घरातली भावंडं वाटत. तरुणपणी मोज्यांच्या गिरणीत लागला तेव्हा नेमकं त्याला जोड्या लावायच्या खात्यात बसवलं. त्याने लाल मोज्यांना हिरवे जोडीदार दिले. मुकादमाची खात्री पटली की पोरगा सकाळीच पिऊन येतो. शेजारच्या टेबलाशी जोनेल बसायची. जेवणाच्या सुट्टीत ती त्याचा ढीग गुपचूप सोडवून पुन्हा नीट लावून ठेवी आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. अशा मुलीशी लग्न करण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता. पुढे त्याने माल चढवायच्या फलाटावर बदली मागून घेतली. पाठीची वाट लावणारं काम आपणहून कशाला घेतलंस म्हणून कोणी विचारलं, तर "आत जीव गुदमरतो" म्हणून सांगे. खरं सांगायची त्याला लाज वाटे, आणि त्या लाजेपायी त्याने जन्मभर खोकी उचलली.

लाल गळाचं वेड लागलं ते जोनेलमुळेच. एका वसंतात तिने गंमत म्हणून त्याचा एक गंजका गळ आपल्या नखांच्या रंगाने रंगवला. त्या गळाला जो बास लागला तो अजून त्यांच्या बैठकीच्या खोलीत, पेंढा भरून, तोंड वासून भिंतीवर आहे. त्या दिवसापासून वर्लन लाल रंगाचा भक्त झाला. दर हिवाळ्यात जोनेल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याचे गळ रंगवी आणि अंड्यांच्या रिकाम्या खोक्यांवर वाळत घाली. पुढे दुकानात तयार लाल गळ मिळायला लागले, पण वर्लन त्यांच्याकडे ढुंकून बघेना. "त्यांचा रंग पाण्यात उतरतो," तो म्हणे. उतरलेला त्याला दिसला असता कसा, हे विचारणारं कोणी नव्हतं.

वाद घालायला मात्र एक जण होता. डॉयल, जोनेलचा धाकटा भाऊ आणि वर्लनचा नावेतला जोडीदार. दोघं एका गिरणीत, एका चर्चमध्ये, आणि दर शनिवारी एका नावेत. रविवारी प्रार्थना संपली की बाकीचे पाद्रीबाबांशी हात मिळवायला थांबत आणि हे दोघे पायऱ्यांवरच जुंपत.

"माशाला लाल दिसला की रक्त वाटतं," वर्लन म्हणे. "जखमी भक्ष्य. धावून येतो तो."

"मासा बघतो आमिषाचं रबरी गांडूळ. गळ तर त्या गांडुळाच्या पोटात लपलेला. तो कोणत्या रंगाचा आहे ते बघायला मासा काय लोहार आहे?"

"मग मागच्या शनिवारी मला सहा लागले आणि तुला दोन, ते कसे?"

"माझी पाठ दुखत होती."

"तुझी पाठ बरोबर हरायच्या दिवशी दुखते!"

डॉयल साधे, कोणत्याही रंगाचे नसलेले गळ वापरी आणि मासे वर्लनइतकेच धरी. वर्लनचा खरा संताप याच गोष्टीवर होता. डॉयलने कायम हरावं असं काही त्याचं म्हणणं नव्हतं. पण एकदा, फक्त एकदा, त्याने पायरीवर सगळ्यांसमोर म्हणावं की बाबा, रंगाने फरक पडतो. एवढंसं मागणं होतं, आणि मेहुणा जीव गेला तरी ते पुरं करणार नव्हता.

नावेतली आणखी एक गोष्ट वर्लनला डाचत असे. तलावावरच्या स्पर्धेत पाच माशांचं एकूण वजन धरतात, म्हणून नावेतल्या टाकीत जिवंत मासे पाचच ठेवता येतात. सहावा लागला की लगेच सगळ्यांत हलका सोडून द्यायचा. कोणता हलका ते चटकन कळावं म्हणून प्रत्येकाच्या ओठाला वेगळ्या रंगाचा चिमटा लावतात. यांच्या नावेत हलक्याला लाल. हे चिमट्यांचं काम डॉयलने पहिल्याच वर्षी आपल्याकडे घेतलं होतं. "तू मासा फार आवळतोस, मरतो तो," असं त्याचं कारण, आणि मेलेल्या माशामागे दंड म्हणून वजन कापतात हेही खरं. वर्लनने टाकीचं झाकण उघडलं की हा लगेच, "सरक, सरक, मी बघतो." जन्मभर मासे धरलेल्या माणसाला असं पोरासारखं बाजूला सारायचं म्हणजे काय! वर्लन आतल्या आत धुमसे, पण सरके. त्या चिमट्यांतला लाल कोणता हे त्याला खात्रीने सांगता आलं नसतं.

ते वर्ष वाईट गेलं. पाणी उशिरापर्यंत गढूळ राहिलं, वर्लनचे लाल गळ कोरडेच परत येत, आणि डॉयलच्या जावयाने, ब्राइसने, नवी नाव घेतली. बसायच्या जागा गुबगुबीत, तलावाच्या तळाचा खड्डान् खड्डा दाखवणारे यंत्राचे दोन पडदे. वर्षातली शेवटची स्पर्धा उरली तेव्हा डॉयलने नाव पाण्यात लोटता लोटता सांगून टाकलं.

"ब्राइस म्हणतोय, पुढच्या वर्षी त्याच्या नावेत ये."

"मग?"

"मग काय. लेकीचा नवरा आहे. आणि खरं सांगू? तुझं ते लाल लाल ऐकून माझे कान किटले."

डॉयल गेला तर दुसरा जोडीदार आणायचा कुठून? आणि आणला, तर पहिल्याच दिवशी तो म्हणणार, लाल चिमटा दे जरा इकडे. म्हणजे डॉयल गेला की मासेमारीही गेली. आज जिंकलं तर मात्र हा राहील, असं वर्लनने मनाशी धरलं. जिंकलेली नाव सोडून कोण जातो?

आणि त्या दिवशी मासे लागले. दुपारपर्यंत टाकीत पाच, त्यातला एक भलताच दांडगा. तो डॉयलने धरला होता, साध्या गळावर, आणि तेव्हापासून त्याचं तोंड बंद होत नव्हतं.

"बघ, बिनरंगाचा! काय वर्लन, याला कुणी सांगितलं नाही वाटतं तुझ्या रक्ताबिक्ताचं?"

वर्लन सुकं बिस्किट चावत पाण्याकडे बघत राहिला. परतायची वेळ झाली होती. एवढ्यात त्याच्या दोरीला हिसका बसला. सहावा मासा. फार मोठा नाही, पण हलक्यापेक्षा नक्की भारी. त्याच वेळी डॉयल पुढच्या टोकाला पालथा पडून तिथल्या छोट्या मोटरीच्या पात्यात गुंतलेली स्वतःची दोरी सोडवत होता.

"लालवर आलाय!" वर्लन ओरडला.

"आला तर आला. टाकीला हात लावू नकोस, मी येतो."

"का? मी काय लहान आहे?"

"वर्लन, थांब म्हणतो ना!"

"थांब थांब काय! जन्मभर थांबलोय!"

त्याने झाकण उघडलं. टाकीत अंधार, गढूळ पाणी, खळबळणाऱ्या पाठी. त्यातल्या त्यात सगळ्यांत काळपट दिसणारा चिमटा त्याने निवडला, ओठाला धरून मासा उचलला आणि चिमटा सोडवत नावेबाहेर नेला. हाताला वजन लागलं तेव्हा मासा पाण्यावर लोंबत होता. वर्लनचा हात मागे यायला निघाला, पण माशाने एकच झटका दिला आणि तो गेला. रुंद हिरवट पाठ खाली जाताना दोघांनीही पाहिली. तो डॉयलचा दांडगा होता.

डॉयल मोटरीशी गुडघ्यांवर बसून होता. शिवी देईल, वल्हं उगारेल, काहीतरी करील, म्हणून वर्लन वाट बघत राहिला. डॉयल नुसता आला, नवा मासा चिमटा लावून आत ठेवला, आणि झाकण लावलं. काठावर वजनं झाली. थोडक्यात हरले, आणि तेही ब्राइसकडून.

आपल्या गाडीला नाव जोडताना वर्लनला राहवेना.

"बोल ना काहीतरी. आता गप्प का?"

"काय बोलू? तो चिमटा हिरवा होता."

"पाणी गढूळ होतं. घाई झाली."

"वर्लन," डॉयल म्हणाला, "तू एकदा माझ्या परसातले टोमॅटो टोपलीभर तोडून दिले होतेस. पिकलेत म्हणालास. एकजात हिरवे होते. आम्ही ते तळून खाल्ले आणि तुला दुसऱ्यांदा वाढले."

वर्लनच्या हातातली साखळी तशीच राहिली. टोमॅटोंना पंचवीस वर्षं तरी झाली असतील.

"तुला तेव्हापासून माहीत आहे?"

"म्हणून तर चिमटे माझ्याकडे घेतले."

"आणि पायरीवर दर रविवारी माझ्याशी भांडत होतास? मनात हसत होतास माझ्यावर?"

आता डॉयलही चढला. "हसत होतो? अरे शहाण्या, एका वाक्यात तुझं तोंड बंद करता आलं असतं मला! त्या पायरीवर, सगळ्यांसमोर! तुझे ते लाल गळ कित्येक वर्षं लाल नाहीत. कधी चॉकलेटी असतात, कधी हिरवे. मी एकदा तरी बोललो?"

वर्लनने साखळी अडकवली. "जा. जा त्या ब्राइसच्या गादीवर जाऊन बस."

डॉयलने स्वतःची गाडी सुरू केली आणि तो खरंच गेला.

घरी जोनेल मक्याची भाकर ओव्हनमधून काढत होती. वर्लनने गळांची डबी टेबलावर आपटली.

"हे कोणत्या रंगाचे आहेत?"

तिने डबीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "डॉयल बोलला?"

"मी विचारतोय, रंग कोणता?"

"लालची बाटली केव्हाच वाळून गेली, वर्लन. मग त्या वेळी जी हाताशी असेल ती. भाचीच्या लग्नातली चॉकलेटी होती. कुणीतरी नाताळात हिरवी दिली होती, ती नखांना कोण लावणार?"

"म्हणून माझ्या गळांना! नवी बाटली आणता येत नव्हती?"

"आणणारच होते. पण तू त्या चॉकलेटीवर मासे घेऊन आलास आणि रात्रभर लाल रंगाचे गोडवे गात बसलास. तेव्हा काय सांगू?"

"खरं सांगायचं!"

"मासे आणले नसतेस तर सांगितलं असतं."

वर्लन खुर्चीत बसला. सगळ्यांत जास्त झोंबलं ते हेच. हिरव्यावर मासे लागले होते, चॉकलेटीवर लागले होते. म्हणजे डॉयलच्या बाजूचा भक्कम पुरावा इतकी वर्षं त्याने स्वतःच, स्वतःच्या हाताने, एकेक मासा करून गोळा केला होता. त्याने भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या बासकडे बोट केलं.

"आणि हा?"

"तो लालवरच लागला. शपथ."

तिच्या शपथेवर विश्वास ठेवावा की नाही, हे त्याला ठरवता येईना. जेवताना भाकर मात्र त्याने सगळी संपवली.

आठवडाभर तो घरात चिडचिड करत फिरला. रविवारी चर्चच्या मागच्या दाराने निघून आला. शुक्रवारी आमिषांच्या दुकानात गेला आणि गळांचं एक पाकीट घेतलं. त्यावर छापलं होतं: काळा. अक्षरं तरी त्याला दिसत होती, आणि अक्षरांना कुणाची दया येत नाही. उद्या एकट्यानेच जायचं, काळ्या गळावर काही लागत नाही हे बघायचं आणि मग नाव विकून टाकायची, असं त्याने ठरवलं.

शनिवारी उजाडता उजाडता दारात हॉर्न वाजला. डॉयल गाडीत बसून होता. मांडीवर सॉसेज घातलेल्या, मऊ पावासारख्या बिस्किटांची पिशवी.

"ब्राइसकडे नाही गेलास?" वर्लनने विचारलं.

"त्याच्या नावेत बोलायचं नसतं. पडदे बघायचे असतात. चल, उशीर होतोय."

तलावाच्या मधोमध पोचेपर्यंत दोघांनी फक्त बिस्किटं खाल्ली. मग वर्लनने खिशातलं पाकीट खिशातच फाडलं, एक गळ काढला आणि डॉयलपुढे धरला.

"रंग कोणता?"

डॉयलने चष्मा चढवला. गळ उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा फिरवला.

"लाल," तो म्हणाला.

"नीट बघ."

"बघितला ना. लालभडक आहे. आणि त्याने माशाला काडीचा फरक पडत नाही, हे तुला कितीदा सांगू?"

वर्लनने खिशात हात घातला. पाकीट तिथेच होतं. ते काढून त्याच्या तोंडावर मारावं असं त्याला वाटलं. पण त्याने गळ परत घेतला आणि मान खाली घालून तो दोरीला गाठ मारायला लागला.

"खोटारडा," तो पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"काही नाही. ती टाकी बघ, पाणी भरलंयस का."