आत्मारामची बॅटरी आणि फ्राऊ क्रेमरचं कपाट

आत्माराम मोज्यांना इस्त्री करायचा. पत्र टाकलं की टपालपेटीवर दोनदा थाप मारायचा. जर्मन माणूस काहीही बोलला, तरी ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणून मान डोलवायचा. आणि दर रविवारी दुपारी कपड्यांच्या कपाटात जाऊन बसायचा.

ही शेवटची सवय श्रीरंगला दुसऱ्या आठवड्यात कळली. साल १९६३. श्रीरंग मराठी घेऊन एम. ए. झालेला, जर्मनीत आखन शहरी जर्मन शिकायला आलेला. अकरा दारांवरून परत फिरल्यावर त्याला आत्मारामच्या खोलीत जागा मिळाली होती. आत्माराम विजेच्या विषयात डॉक्टरेट करत होता. घर फ्राऊ क्रेमर या विधवा बाईंचं.

“आत ये,” कपाटातून आवाज आला. “दार लाव. उजेड येतो.”

श्रीरंग कोटांखाली उकिडवा बसला. आत्मारामच्या हातात वीतभर बॅटरी होती. तिच्यात पुन्हा चार्ज होणारे दोन निकेलचे सेल.

“यांचा विजेचा दाब साध्या सेलपेक्षा कमी. सगळे म्हणाले, उजेड कमी पडणार. पण मोठा बल्ब लावला की साधे सेल धापा टाकतात. हे टाकत नाहीत. बघ.”

कपाट लख्ख झालं.

“दर पाच मिनिटांनी आईचं पत्र वाचायचं. अक्षरं पुसट झाली की वेळ लिहायची. चार रविवार झाले, पुसट होतच नाहीत. मग बाई कॉफीला हाक मारतात, राहून जातं.”

या वेळी हाक आली नाही. दार उघडलं. फ्राऊ क्रेमर चादरी ठेवायला आल्या होत्या. झोत थेट त्यांच्या डोळ्यांत. समोर दोन थोराड पुरुष, मांडीवर एक पत्र.

“शनिवारपर्यंत खोली रिकामी करा,” त्या म्हणाल्या.

“गेनाऊ,” आत्माराम म्हणाला.

शुक्रवारी सकाळी फ्राऊ क्रेमरचा पिवळा कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून सुटला आणि थेट तळघरात, कोळशा-बटाट्यांच्या ढिगांत शिरला. त्या पायरीवर उभ्या राहून रडत होत्या. त्यांच्या बॅटरीचा उजेड हळदीच्या पाण्यासारखा.

आत्मारामने आपली बॅटरी काढली. “हिचा उजेड मंद होत नाही, सांग त्यांना.” श्रीरंगने सांगितलं.

कोळशाच्या ढिगावर पक्षी दिसला. झोताने दिपून जागीच बसला. आत्मारामने हात पुढे केला, आणि मिट्ट काळोख.

“मंद झाली का रे?” श्रीरंगने विचारलं.

“नाही. गेली. एकदम.” आवाजात आनंद मावत नव्हता. “वही कुठाय माझी?”

“आधी पक्षी.”

“धरलाय.”

तो ओंजळ सांभाळत वर आला. ओंजळीत बटाटा होता. पक्षी डोक्यावर बसला होता.

फ्राऊ क्रेमर इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. खोली राहिली. अट एकच: कपाटात माणसं बसणार नाहीत. त्यांनी पिसांच्या सात रजया आत कोंबल्या आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

आत्मारामच्या वहीत चार रविवारांचे आकडे आहेत. सगळे सारखे. खाली त्याने लिहिलंय, ‘विझण्याची नेमकी वेळ’. पुढे जागा कोरी आहे.