तांदळाच्या गोदामातले मुश्ताकसर

मुश्ताकसरांनी पहिल्याच भेटीत मला पाडलं. मी कामशेतला शाळेत विज्ञान शिकवते. वय पंचेचाळीस, कंबर त्याहून जुनी. डॉक्टरांनी व्यायाम कर म्हणून बजावलं, तेव्हा बाजारामागच्या जुन्या तांदळाच्या गोदामात वुशूचा वर्ग चालतो तिथे चौकशीला गेले. सर म्हणाले, ओढणी कमरेला बांधा आणि उभ्या राहा. खांद्याला दोन बोटं लावली, पायामागे पाय सरकवला आणि मी मॅटवर आडवी, छताचे पत्रे बघतेय. वरून शांत आवाज आला, "मान सांभाळलीत मॅडम. म्हंजे शिकाल." रागवायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

ठेंगणे, पोट थोडं सुटलेलं, हनुवटीखाली पांढरी दाढी. रस्त्यात दिसले असते तर किराणा दुकानदार वाटले असते. वुशूत लाथ, ठोसा आणि धरून आपटणं असं तिन्ही चालतं, पण सर सुरुवातीचा महिनाभर पोरांना लाथ उचलू देत नसत. नुसतं पडायचं. पुढे पडा, मागे पडा, कुशीवर पडा. पालक कुरकुरायचे की मारायला शिकवायला पाठवलं आणि हा माणूस आपटून घ्यायला शिकवतोय. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "पाडायला कुणीबी शिकवंल. पडलेलं पोर धड उठंल, ते माझ्याकडं." हाच माणूस पालीला मात्र भलताच भ्यायचा. गोदामात पालींचा सुकाळ. पत्र्यावर एखादी चुकचुकली की सर बोलता बोलता दोन पावलं सरकायचे आणि पोरं ओठ दाबून हसायची. मीही हसायचे.

मी त्या पोरांमध्ये रमले. माझी लाथ कुणाच्या गुडघ्याच्या वर जात नसे, पण मला सगळे सांभाळून घेत. त्यांत दीक्षा माझ्याच वर्गातली होती. वराळ्याहून यायची, वडील तिकडच्याच एका कंपनीत कामाला. वर्गात बाकावर पेंगणारी ही मुलगी मॅटवर आली की डोळे असे रोखायची की समोरचा आधीच मागे सरकायचा. राज्याच्या संघाची निवड पुण्यात एका सोमवारी होती. कनिष्ठ गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी थोराड बायकांशी गाठ पडणार होती. तेव्हा जे काही व्हायचं ते त्याच सोमवारी.

आदल्या रविवारी आम्ही दिवसभर गोदामातच होतो. पहाटे पवनेच्या रस्त्याला धावून आलो. मग सगळ्यांनी गोल बसून न्याहारी केली, बाजरीची भाकरी आणि उकडलेली अंडी. अंडी सोलायचं काम माझ्याकडे होतं. दीक्षा माझ्या शेजारीच होती, मीठ मागत होती, दोन अंडी जास्त घेतली म्हणून मी तिला चिडवलंही.

दुपारी शेवटचा सराव सामना. तिच्याहून जड मुलीशी सरांनी मुद्दाम लावला होता. दीक्षाने तिची लाथ पकडली, पण त्या मुलीने पडता पडता हिलाही ओढलं आणि दोघी मॅटच्या कडेबाहेर गेल्या. दीक्षाचं डोकं फरशीवर आपटलं. डोक्याला गार्ड होतं, तरी तो आवाज सगळ्या गोदामात घुमला. ती मात्र लगेच उठली, हसली, हात वर करून पुढे चला म्हणाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सर पुढे आले. तिच्या डोळ्यांत बघत, शाळेत हजेरी घ्यावी इतक्या साध्या सुरात त्यांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

"पोहे," दीक्षा म्हणाली.

टाळ्या थांबल्या. मागून कुणीतरी कुजबुजलं, भाकरी, भाकरी. तिने झटकन सुधारलं, हो, भाकरीच, चुकून बोलले. सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्याशेजारी बसलीवती ना?" सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी हो म्हणाले. सरांनी तिच्या हातातले ग्लोव्हज सोडायला घेतले. ती हात मागे ओढायला लागली, तसं त्यांनी आधी डावा काढला, मग उजवा.

वडिलांना फोन गेला. ते दीक्षाला तळेगावला दवाखान्यात घेऊन गेले. आम्ही थांबलो. चहा आला आणि तसाच गार झाला. संध्याकाळच्या सुमारास बापलेक परत आली. स्कॅनमध्ये काही निघालं नव्हतं. डॉक्टरांनी आराम सांगितला होता, पण वडिलांच्या कानात पहिलंच वाक्य राहिलं होतं.

"रिपोर्ट चांगला हाय सर. उद्या उतरवा तिला."

"न्हाई."

प्रशिक्षक सोबत असल्याशिवाय तिला उतरता येणार नव्हतं, त्यामुळे सगळं या एका माणसावर अडलं होतं. वडील आधी विनवून बोलले, मग आवाज चढला. पोरगी किती वर्षं पहाटे उठते, आईने तिच्यासाठी काय काय केलं, सगळं निघालं. दीक्षा भिंतीला टेकून सरांकडे टक लावून बघत होती. इतका राग मी एखाद्या मुलीच्या चेहऱ्यावर त्याआधी पाहिला नव्हता. मलाही वाटत होतं की एका शब्दासाठी हे फार होतंय, सरांनी नमतं घ्यावं.

"माझ्या पोरीचं वर्ष खाल्लं तुमी," वडील म्हणाले.

"व्हय भाऊ. खाल्लं." सरांनी मान खाली घातली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दीक्षा एकटी गोदामात आली, सरांना तोंडावर भित्रा म्हणाली आणि निघून गेली. नंतर तिने पुण्यातला दुसरा वर्ग धरला. तिच्यामागोमाग आणखी काही पोरं गेली. गोदाम अर्धं रिकामं झालं, तरी उरलेल्यांना सर पहिल्यासारखंच पाडत राहिले. मला खात्री होती की यामागे काहीतरी जुनी जखम असणार, एखादं पोर गेलं असणार. एकदा धीर करून विचारलंच. सर मॅट पुसत होते. म्हणाले, "न्हाई मॅडम, माझ्याकडं कुणालाच काय झालेलं न्हाई. व्हायची वाट कशाला बघायची?"

यंदाच्या उन्हाळ्यात सर गेले. नमाजाहून परतताना दुकानाच्या पायरीवर बसले ते बसलेच. मी त्यांच्या घरी त्यांच्या बायकोला, भाभींना, भेटायला गेले, तर दीक्षा तिथे आधीच आलेली. आता ती मोठ्या गटात खेळते, खांदे रुंद झालेत. सरांबद्दल बोलताना भाभी रडल्या, मी रडले, ती नुसती बसून राहिली.

स्टेशनकडे दोघी चालत निघालो. फाटकापाशी ती थांबली.

"बाई, त्या रविवारचं मला काहीच आठवत नाही. धावायला गेलो ते नाही, ती फाईट नाही, दवाखाना नाही. दुसऱ्या दिवशी सरांना भित्रा म्हणाले, तिथून पुढचं आठवतं." तिने फाटकाचा दांडा धरला. "घरी कळलं असतं तर खेळ सुटला असता, म्हणून कुणालाच बोलले नाही. सरांना मात्र सांगायचं होतं. दर आठवड्याला ठरवायचे, या रविवारी कामशेतला उतरायचं."