लेबल नसलेली कॅसेट

केबल आली आणि दोन-तीन वर्षांत आमच्या डोंबिवलीतल्या व्हिडिओ लायब्रऱ्या एकेक करून बंद पडल्या. कुठे एसटीडी बूथ झाला, कुठे झेरॉक्सचं दुकान. फारसं कुणाला काही वाटलं नाही. मला मात्र जुन्या मराठी कृष्णधवल सिनेमांच्या कॅसेटी जमवायचा नाद होता, आणि ते सिनेमे केबलवाला दाखवत नसे. मग मी बंद पडलेल्या दुकानांच्या मागे लागलो. ठाण्याला कोर्टात कारकून होतो. सुट्टी असली की कल्याणच्या रद्दीवाल्यांपासून खोपटच्या डेपोमागच्या भंगारवाल्यापर्यंत सगळीकडे फिरायचो. त्या भंगारवाल्यानेच सांगितलं, "बाळकुमला एका कोळ्याच्या घरात लायब्ररी होती. पोरगा गेला. माल तसाच पडलाय."

रविवारी दुपारी रिक्षा करून गेलो. खाडीच्या बाजूला बैठं घर, ओटीवर एक म्हातारी सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसलेली. दोनदा हाक मारली तरी तिने मान वर केली नाही. समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा म्हणाली, "कान गेलेत माजे. लय वर्सं झाली. जोरात बोल."

ओरडून काम सांगितलं. तिने आतली खोली दाखवली. भिंतभर फळ्या, त्यांवर कॅसेटी, सगळ्या धूळ पुसून ठेवलेल्या. खाडीकाठच्या दमट घरात एकीलाही बुरशी नव्हती. मुलगा होडी घेऊन खाडीत गेला, होडी सापडली, तो सापडला नाही, हे तिने बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

निवडता निवडता एक लेबल नसलेली कॅसेट हाती आली.

"ती ठेव," ती दारातून म्हणाली. "ती शिनेमाची नाय."

मी ठेवली. पण एका सिनेमाच्या शोधात मी बरीच वर्षं होतो, आणि तो हाच असं माझ्या डोक्यात बसलं. ती पाणी आणायला वळली तशी कॅसेट पिशवीत टाकली. आयुष्यात तेवढी एकच चोरी केली.

संध्याकाळी घरी लावून बघितली. तीच ओटी आणि तीच म्हातारी, थोडी तरुण. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा असावा. ती खाली मान घालून मासळी निवडत होती. मग कॅमेऱ्यामागून, अगदी जवळून, पुरुषाचा आवाज आला. "आये, दाराला कडी नको घालू. मी येन."

तिला ऐकूच येत नव्हतं. तो थांबला, पुन्हा तेच बोलला. मग पुन्हा. त्याच आवाजात, घाई न करता, कॅसेट संपेपर्यंत.

"माइक तपासत असेल," मी बायकोला म्हटलं.

"मग एवढ्या वेळात एकदाही हसत कसा नाही?" ती म्हणाली. "ही कॅसेट घरात ठेवू नका."

पुढच्या रविवारी परत गेलो. कॅसेट म्हातारीच्या हातात दिली, माफी मागितली. ती रागावली नाही. तिने मला शेजारी बसवून घेतलं.

"बघितलीस?"

"हो, मावशी," मी ओरडून म्हटलं.

"गेला तवा ही माज्या हाती देऊन गेला. मना ऐकू येत नाय, आनि दुसऱ्याला कधी लावू दिली नाय. भीती वाटली. काय बोलतं त्यात?"

मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ते वाक्य ओरडून सांगितलं. शेजारच्या ओटीवरचं बोलणं थांबलं. म्हातारीने सावकाश मान हलवली.

"हां. हेच बोलतं. रोज."

"कोण?" मी तसंच कानाशी विचारलं.

"तोच. दुसरा कोन?" ती म्हणाली. "मना कुनाचा आवाज येत नाय, त्याचा येतं. मना वाटलेलं, माजं डोकं फिरलं."

तिचा चेहरा कुणीतरी डोक्यावरची पाटी उतरवून घ्यावी तसा सैल झाला. तिने सोड्यांचा एक पुडा बांधून माझ्या बायकोसाठी दिला आणि उरलेल्या कॅसेटीही ने म्हणाली. पुढच्या आठवड्यात येतो असं सांगून मी उठलो, पण पुन्हा जायचा धीर झाला नाही. चांगल्या शंभरेक कॅसेटी होत्या, त्यांतल्या कितीतरी मला दुसरीकडे कुठेच मिळाल्या नाहीत. पण हळहळ त्यांची वाटत नाही. आता ती रात्री दाराला कडी घालत नसणार; तिला ते वाक्य सांगितलं हे बरं केलं की वाईट, एवढंच मला अजून ठरवता आलेलं नाही.